व्हायोलिन, खंजिरी आणि जॅझ एका मांडवात: गावातल्या मैफलीची तयारी कशी करायची

अमरावती-वर्ध्याकडे गावोगावी खंजिरी भजनाची मंडळं आहेत. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, यवतमाळ-चंद्रपूरच्या कोलाम-गोंड पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, ढेमसा नाचाचे ढोल आहेत. शास्त्रीय व्हायोलिन वाजवणारे आणि गिटारवर जॅझ वाजवणारे नागपुरात भेटतात. ही माणसं एका रात्री एकत्र बसवता येतात आणि लोक शेवटपर्यंत ऐकतातही. मात्र त्यासाठी काही गोष्टी मंचावर चढण्याआधीच ठरलेल्या असाव्या लागतात. तालुक्यातल्या किंवा गावातल्या मंडळाने असा कार्यक्रम कसा उभा करायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

सगळ्या निर्णयांमागे एकच धोरण धरा. गावचा कलावंत ज्या सुरात आणि ज्या लयीत गातो, तो पाया. व्हायोलिन आणि जॅझवाल्यांनी त्याच्याकडे चालत यायचं. त्यांचं शिक्षणच असं असतं की सूर बदलला, लय बदलली तरी ते निभावून नेतात. सत्तरीतल्या शाहिराचा गळा मात्र एका तालमीत बदलत नाही. आणि बदललाच, तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातातून जातं.

गाणं आधी, वादक नंतर

बहुतेक मंडळं आधी व्हायोलिनवादकाची तारीख घेतात आणि मग "लोककलेचं काहीतरी" शोधायला निघतात. क्रम उलटा करा. कार्यक्रमाच्या दोनेक महिने आधी आसपासच्या गावांत जाऊन कोण काय गातं ते ऐका आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून घ्या. भजन मंडळाकडे गेलात तर त्यांच्या नेहमीच्या वारी, नेहमीच्या जागी ऐका. पाहुण्यांसाठी मुद्दाम बसवलेलं गाणं आणि रोजचं गाणं यांत फरक असतो. तुम्हाला रोजचं हवं आहे.

ऐकताना प्रत्येक गाण्याबद्दल चार गोष्टी वहीत लिहा: गाणाऱ्याचा सा कोणत्या पट्टीत आहे, चाल किती सुरांत फिरते, ठेका कोणता, आणि गाणं संपतं कसं. चौथी गोष्ट लोक विसरतात आणि मंचावर तिथेच गडबड होते. खडी गंमतीत शाहीर हात वर करतो आणि डफ थांबतो. भजनात शेवटचं चरण दुप्पट लयीत जातं आणि गजरावर तुटतं. हे खुणेचं शास्त्र गिटारवाल्याला माहीत नसतं.

भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या यांची चाल चार-पाच सुरांत फिरते. अशा गाण्यावर व्हायोलिनने तानांचा पाऊस पाडू नये. खालच्या तारेवर एक लांब गज ओढून ठेवला की बाईचा आवाज त्यावर आपोआप उभा राहतो. खंजिरी भजन आणि खडी गंमत यांत मात्र वादनाला मोकळी जागा असते. दोन कडव्यांमध्ये आवर्तनं सोडलेली असतात. व्हायोलिन आणि गिटारचे एकल तुकडे तिथे बसवा.

परधान समाजाची किंगरी ऐकायला मिळाली तर सोडू नका. ती गजाने वाजते. गोंडांच्या वंशकथा आणि देवांच्या गाथा परधान गायक तिच्यावर गातात. व्हायोलिन दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितारांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रीय संगीतात आलं. हिंदुस्थानी संगीतात ते नंतर गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार आणि एन. राजम यांनी रुजवलं. तारेवर गज ओढून कथा सांगण्याचा प्रकार आपल्याकडच्या पोडांवर तर आधीपासूनच आहे. किंगरी आणि व्हायोलिन समोरासमोर बसवली तर श्रोत्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. एक काळजी घ्या. देवाची गाथा विधीतली असते. ती मंचावर गायची की नाही आणि तिच्यावर दुसरं वाद्य चालेल की नाही, हे परधान कलावंतालाच ठरवू द्या. "नाही" म्हणाला तर विषय तिथेच संपवा आणि किंगरीवरची एखादी साधी चाल मागा.

किती जण हवेत

जॅझच्या बाजूला तीन माणसं पुरतात: गिटार, बास, आणि ब्रशने वाजवणारा ड्रमर. ड्रमरला पूर्ण संच आणू देऊ नका. एक स्नेअर, एक हाय-हॅट, एक राइड झांज एवढं पुरे. डफ, खंजिरी आणि ढोलकी असताना मोठा बास ड्रम आला की सगळं एकमेकांत मिसळतं आणि कुठलाच ठेका स्वच्छ ऐकू येत नाही.

ड्रमर मिळालाच नाही तरी अडत नाही. १९३४ साली पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेली आणि जँगो राइनहार्ट यांनी जो पाच जणांचा संच उभा केला, त्यात व्हायोलिन, तीन गिटार आणि बास एवढीच वाद्यं होती. ड्रम नव्हता आणि फुंकून वाजवायचं वाद्यही नव्हतं. व्हायोलिन जॅझमध्ये पुढे आलं त्यात या संचाचा मोठा वाटा आहे. गावच्या मांडवासाठी हीच रचना सगळ्यांत सोयीची. ठेका खंजिरीने धरायचा, गिटारने तालाच्या मात्रा ठोकायच्या आणि व्हायोलिनने वर फिरायचं. याच ग्रापेलींनी १९८४ मध्ये आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर ध्वनिमुद्रिका केली. त्याआधी सत्तरच्या दशकात 'शक्ती' या संचात एल. शंकर यांचं व्हायोलिन जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या गिटारसोबत वाजत होतंच. तुमच्या वादकांना हे तालमीआधी ऐकायला सांगा. नक्कल करायला नको, दोघं एकमेकांना जागा कशी देतात तेवढं ऐकायचं.

लोककलेच्या बाजूला एका रात्रीत दोन प्रकार, फार तर तीन. सहा-सात पथकं बोलावली की कार्यक्रमाचं संमेलन होतं आणि कुणालाच गाता येत नाही.

पट्टी: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

एकत्र मैफल मोडते ती बहुधा पट्टीवर. म्हणून हा भाग वादकांना जसाच्या तसा वाचून दाखवा.

हिंदुस्थानी व्हायोलिनवादक बसून वाजवतो, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि तारा सा आणि प अशा लावतो. पाश्चात्त्य पद्धतीने तारा लागतात त्या, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. तुमच्या गायकाचा सा बऱ्याचदा यापैकी कशावरच नसतो. खडी गंमतीचा शाहीर आणि भजनातल्या बाया बऱ्याचदा काळी चारच्या आसपास गातात. व्हायोलिनचा सा थेट काळी चारवर न्यायचा तर तारा फार ताणाव्या लागतात किंवा फार ढिल्या सोडाव्या लागतात. दोन्हींत वाद्याचा आवाज जातो, वर तार तुटायची भीती.

यावर एक चांगली वाट आहे. व्हायोलिनचा सा काळी दोन ठेवा. जाड तारेपासून तारा अशा लावा: मध्यम, सा, पंचम, तार सा. जाड तीन तारा नेहमीपेक्षा फक्त अर्धा सूर चढतात, बारीक तार अर्धा सूर उतरते. चांगल्या स्टीलच्या तारा एवढं सहज सोसतात. आता काळी दोनचा मध्यम म्हणजे काळी चार, आणि तोच शाहिराचा सा! म्हणजे रागाचा आलाप व्हायोलिन स्वतःच्या सा वर करतं, आणि गाणं सुरू झालं की जाड तार शाहिराला षड्ज देते. तार पिळायची गरज नाही. अल्टो सॅक्सोफोन असेल तर त्यालाही काळी दोन घरची पट्टी आहे. गावच्या बँड पथकातला क्लॅरिनेटवालाही तिथे आरामात वाजवतो. गिटारवाला मात्र कुरकुर करेल. त्याला गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायला सांगा, मग त्याची बोटं पांढरी दोनच्या ओळखीच्या जागांवर पडतात.

गायकाचा सा पांढरी पाच असेल तर काम आणखी सोपं. सा पांढरी दोन ठेवून व्हायोलिनची फक्त बारीक तार एक सूर उतरवायची. सॅक्सोफोनवाला नसेल तर ही पट्टी सगळ्यांना मोकळी पडते.

यापुढची अडचण पेटीची. भजन मंडळाची पेटी जुनी असते. तिचे सूर ट्यूनरच्या ४४० या मापापेक्षा थोडे चढे किंवा उतरे निघतात. अशा वेळी ट्यूनरला प्रमाण मानायचं नाही. मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये पेटीचा पांढरी सहा वाजवून आकडा पाहा. समजा ४४४ आला, तर गिटार, बास आणि व्हायोलिन यांचे ट्यूनर ४४४ वर लावा. कीबोर्डला बारीक सूर बदलायची सोय असते, तोही तिथेच आणा. एका भजनी बुवांनी शहरातल्या गिटारवाल्याला शांतपणे सांगितलं होतं, "भाऊ, आमची पेटी तं हलत नाही, तुमचंच वाजिंत्र हलवा." सगळा नियम या एका वाक्यात आला.

पट्टी ठरली की कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक गाण्यापुढे ती लिहा आणि एकाच पट्टीतली गाणी लागोपाठ ठेवा. थंडीत दर गाण्याला तारा बदलत बसलात तर दोन गाण्यांतली शांतता लांबते आणि मागची पोरं उठून जातात.

कुठले राग, कुठले कॉर्ड

राग निवडताना लोकगीताच्या चालीपाशी जो आपसूक येतो तो घ्या. कोमल गंधार आणि कोमल निषाद असलेल्या चालींना धानी आणि काफी जवळचे. शुद्ध सुरांच्या पाच सुरी चालींना भूप. धानीचे सूर, म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, हे ब्लूजच्या, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्याच्या, सप्तकाशी जुळतात. ब्लूजवाले मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये तीव्र मध्यमाचा एक ओझरता स्पर्श देतात, एवढाच फरक. म्हणून धानीचा छोटा आलाप, मग धानीच्या वळणाचं भजन, मग त्यावर गिटारचा ब्लूज ही साखळी श्रोत्याला कुठेही खटकत नाही.

कॉर्डबद्दल मात्र मी ठाम आहे. लोकगीत गायलं जात असताना गिटारने पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, वाजवू नये. ब्लूजमध्ये खाली शुद्ध गंधाराचा कॉर्ड आणि वर कोमल गंधाराचं गाणं अशी मुद्दाम केलेली ओढाताण असते. ती ज्याला ठाऊक आहे त्याला गोड लागते. शाहिराला तेच ऐकून वाटतं की आपला सूर चुकतोय, आणि तो सूर सोडून द्यायला लागतो. गाणं चालू असताना गिटारने फक्त सा आणि प वाजवावेत, गंधार सोडून द्यावा. कडवं संपून वादन सुरू झालं की मग हवे ते रंगीत कॉर्ड लावू द्या.

अठ्ठेचाळीस मात्रांचं घर

तालाच्या बाबतीत एक गणित फार उपयोगी आहे. ब्लूजची प्रचलित रचना बारा पट्ट्यांची (बारची) असते आणि प्रत्येक पट्टीत चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. आठ मात्रांच्या केरव्याची सहा आवर्तनं अठ्ठेचाळीस. सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन अठ्ठेचाळीस. सहा मात्रांच्या दादऱ्याची आठ आवर्तनंही अठ्ठेचाळीसच. कुणीही आपापला ताल धरून निघालं तरी सगळे एकाच समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन भेटतात.

खंजिरीवाल्याला कॉर्ड समजावायची गरज नाही, त्याने केरवा धरून ठेवायचा. गिटार आणि बासने आवर्तनं अशी मोजायची. पहिली दोन आवर्तनं सा वर. तिसरं मध्यमावर. चौथं पुन्हा सा वर. पाचव्या आवर्तनात पहिल्या चार मात्रा पंचमावर, पुढच्या चार मध्यमावर. सहावं सा वर. तालमीत गिटारवाल्याने तोंडाने "सा, सा, म, सा, प-म, सा" म्हणत वाजवावं. दोन-तीन फेऱ्यांत पेटीवाल्या बुवांनाही ते पाठ होतं, कारण सूर त्यांच्या भाषेत सांगितलेले असतात.

शेवट तिहाईने करा. एका केरव्यात बसणारी सर्वांत सोपी तिहाई म्हणजे तीन मात्रांचा तुकडा, मध्ये न थांबता तीनदा. नऊ मात्रा होतात आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो. थोडी मोठी हवी असेल तर दोन केरव्यांमध्ये पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विसावा, पुन्हा पाच, पुन्हा विसावा, पुन्हा पाच. शेवटची मात्रा सतरावी, म्हणजे सम. जॅझचा ड्रमर हे पहिल्यांदाच हाताने टाळी देऊन शिकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी तालमीला गावातल्या पोरांनाही बसवा.

जॅझचा झोल, म्हणजे स्विंग, हा वेगळा विषय. त्यात मात्रेचे दोन समान भाग करत नाहीत. पहिला भाग लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक या प्रमाणात. भजनाचा केरवा नीट ऐकलात तर तोही घड्याळासारखा सरळ नसतो, त्याला स्वतःचा एक झोका असतो. कुठल्या गावात जास्त, कुठे कमी. ड्रमरने आधी पाच मिनिटं काहीही न वाजवता खंजिरी ऐकावी, मग ब्रशने फक्त तिच्या सावलीत चालावं. ड्रमरने आपला झोल लादला की खंजिरीवाला लय वाढवतो, मग ड्रमरही वाढवतो, आणि दोन कडव्यांत गाणं पळायला लागतं.

जॅझमध्ये दोन वादक चार-चार पट्ट्या आळीपाळीने वाजवतात. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या शाहिरीत सवाल-जवाब आहेतच. दोन्हींचं एक सत्र करा. शाहीर दोन आवर्तनांत सवाल टाकतो, व्हायोलिन दोन आवर्तनांत जवाब देतं, मग डफ, मग गिटार. चार मात्रांच्या चार पट्ट्या म्हणजे केरव्याची दोन आवर्तनं, त्यामुळे हिशोब आपोआप जुळतो.

तालीम गावातच

नागपूरला तालीम ठेवली की शहरातले वादक निवांत असतात आणि गावचे अवघडतात. एक दिवस आधी सगळ्यांना गावात मुक्कामी बोलवा. दुपारी तालीम, संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची भाजी, रात्री पुन्हा तालीम. जेवताना बसलेली ओळख दुसऱ्या दिवशी मंचावर दिसते.

तालमीत कुणालाही कागद देऊ नका. गाणी ऐकून शिकायची. पहिली फेरी गावचे कलावंत एकटे गातील, बाकीचे फक्त ऐकतील. दुसऱ्या फेरीत फक्त व्हायोलिन सामील होईल आणि तेही फक्त लांब सुरांनी. तिसऱ्या फेरीत गिटार आणि बास, शेवटी ड्रम. प्रत्येक फेरीनंतर मूळ गायकाला विचारा: अडतंय का? विदर्भातला जुना कलावंत पाहुण्यासमोर "नाही" म्हणायला कचरतो. म्हणून त्याच्या मंडळातल्या तरुण माणसाला बाजूला घेऊनही विचारा.

तारीख, जागा, परवानगी

ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, झाडीपट्टीत नोव्हेंबरात धान कापणी. त्या काळात बायकांना संध्याकाळी उभं राहायचंही त्राण नसतं. शिवाय धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर दिव्यांवर तुडतुडे इतके येतात की गाणाऱ्याला तोंड उघडता येत नाही. संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ मला सर्वांत बरा वाटतो. पुढे दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात असाल तर झाडीपट्टीच्या नाटकांच्या तारखा आधी पाहा. दिवाळीनंतर होळीपर्यंत तिथे नाटकांचा हंगाम असतो आणि शेजारच्या गावात नाटक असताना तुमच्या मांडवात कुणी येणार नाही.

वेळ संध्याकाळी सात ते साडेनऊ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सूट असते ती राज्य सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवसांपुरती. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, पोलीस ठाण्याची ध्वनिवर्धक परवानगी आणि शाळेचं मैदान असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र ही तीन कागदं पंधरा दिवस आधी हातात असू द्या.

जागा निवडताना मोठ्या मैदानाचा मोह टाळा. मंदिराचा सभामंडप, जिनिंगचं आवार, शाळेचं अंगण, जिथे निदान एका बाजूला भिंत आहे ती जागा. भिंत मंचाच्या मागे येऊ द्या, आवाज पुढे येतो आणि वारा अडतो. वर कापड हवंच, कारण आठनंतर दव उतरायला लागतं.

गाण्यांच्या हक्कांचंही पाहा. पारंपरिक ओव्या आणि भुलाबाईची गाणी मोकळी आहेत. पण कवीचं नाव माहीत असलेल्या रचनांवर आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं. म्हणून त्यांची भजनं नव्या वाद्यमेळात बसवून त्यांचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणार असाल तर गुरुकुंज मोझरीला आधी बोलून घ्या. शब्द आणि मूळ चाल जपून गायचं, हा आदर तर त्यापलीकडचा.

ध्वनिव्यवस्था

तालुक्यातला साउंडवाला लग्नाच्या डीजेला सरावलेला असतो. त्याला दोष देऊ नका, तालमीला बोलवा. त्याने खंजिरी आणि व्हायोलिन माइकशिवाय ऐकलं की काय ऐकू यायला हवं ते त्याला कळतं. मोठे बास स्पीकर आणायचेच नाहीत असं आधीच ठरवा.

व्हायोलिनसाठी वाद्यालाच अडकवायचा छोटा कंडेन्सर माइक उत्तम. त्याला मिक्सरमधून अठ्ठेचाळीस व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती सोय आहे का ते विचारा. नसेल तर घोडीवर बसणारा पिकअप आणि सोबत त्याचा आवाज मिक्सरला नीट पोहोचवणारा डी. आय. बॉक्स. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून त्या चॅनलवर दीडशेच्या खालचं सगळं कापून टाका, घुमणं जातं. आवाज कानाला टोचत असेल तर दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये थोडं कमी करा.

खंजिरीवाला गातो आणि वाजवतोही, दोन्ही एकाच माइकमध्ये जातं. माइक तोंडापासून वीतभर आणि खंजिरी छातीच्या खाली. खंजिरीला वेगळा माइक लावला की घुंगरांचा कचकचाट गाण्यावर चढतो. डफाला दोनशे माणसांच्या मांडवात माइक लागतच नाही.

गायकाला स्वतःचा आवाज आणि पेटी ऐकू येईल असा एक मॉनिटर स्पीकर त्याच्या समोर हवा. त्याशिवाय तो ओरडतो आणि पट्टी चढवतो. जनरेटर शाळेच्या इमारतीमागे निदान शंभर फुटांवर, अर्थिंगसह. ध्वनीची सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, दिवे वेगळ्या लाइनवर. दिवे आणि ध्वनी एकत्र जोडले की स्पीकरमधून घूं घूं येत राहते.

बैठक अर्धगोल ठेवा. मधोमध गावचे कलावंत, त्यांच्या उजवीकडे व्हायोलिन, डावीकडे गिटार आणि बास, ड्रम सर्वांत मागे. व्हायोलिनवादक खाली बसलेला असतो, म्हणून गिटारवाल्यांनाही खालीच किंवा बुटक्या स्टुलावर बसवा. नजरा एका उंचीवर आल्या की खुणा पोहोचतात.

थंडी, चामडं आणि लाकूड

जानेवारीत विदर्भात दुपार कोरडी आणि उबदार, रात्र बोचरी. या फरकाने व्हायोलिनच्या खुंट्या सैल पडतात आणि तारा उतरतात. वाद्य पेटीतच बंद ठेवून अर्धा तास आधी मांडवात आणा, हळूहळू हवेशी जुळू द्या. खुंट्यांना खडूची पूड थोडी लावली की पकड येते. गजाचे केस वाजवण्यापुरतेच ताणायचे.

डफ आणि डफड्याचं उलटं. दवाने चामडं ओलं झालं की आवाज मेल्यासारखा येतो. त्यासाठी मंचामागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, छोटा जाळ लागतो. कलावंत डफ जाळावर धरून फिरवत राहतो, मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतो आणि आवाज टणक झाला की बाजूला घेतो. खंजिरीवाला मात्र चामडं फार ताणलं गेलं तर ओल्या बोटाने पुसून ते उतरवतो. या दोघांना त्यांची जागा द्या आणि जाळ व्हायोलिनपासून, मांडवाच्या कापडापासून आणि वाऱ्याच्या दिशेपासून दूर ठेवा. पाण्याची बादली आणि एक जबाबदार माणूस तिथे सतत हवा. क्रम ठरवताना डफाच्या आधी दहा मिनिटांचं व्हायोलिन ठेवलं तर डफवाल्याला जाळावर जायला वेळ मिळतो.

क्रम कसा लावायचा

सुरुवात गावच्या आवाजाने करा. बाहेरचा पाहुणा आधी बसवला की गाव परीक्षकाच्या भूमिकेत जातं. पहिलं भजन शुद्ध स्वरूपात, दुसऱ्या कुठल्याही वाद्याशिवाय. त्यानंतर व्हायोलिनचा आलाप त्याच चालीच्या रागात, सात-आठ मिनिटं. मग तेच भजन दोघांचं मिळून. इथे लोक पहिल्यांदा पुढे सरकून बसतात.

मध्यावर ओव्या किंवा भुलाबाईची गाणी, बायांनी बसल्या जागी गायलेली, सोबतीला फक्त खालची तार. माइक त्यांच्याकडे न्या, त्यांना मंचावर ओढू नका. मग गिटारचा ब्लूज, आधी एकटा, मग अठ्ठेचाळीस मात्रांच्या घरात खंजिरीसह. शेवटी सवाल-जवाब आणि सगळ्यांची मोठी तिहाई. निवेदन कमी ठेवा. जॅझ म्हणजे काय यावर भाषण नको. "आता गिटारवाले भाऊ आपल्याच केरव्यावर वाजवणार आहेत" एवढं पुरे.

बिदागी

व्हायोलिनवादकाला पाकीट आणि शाहिराला शाल-नारळ, ही पद्धत बंद करा. मंचावर बसणाऱ्या प्रत्येकाला रोख मानधन, आणि शहर-गाव असा भेद न करता. खर्च कमी पडत असेल तर मंडपाची सजावट आणि बॅनर कापा, माणसांचे पैसे कापू नका. नागपुरात १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, लोककलावंतांच्या कामासंबंधी तिथेही विचारणा करून ठेवा. शेतमजुरी करणारा कलावंत तालमीच्या दिवशीची मजुरी बुडवून येतो, म्हणून तालमीचा दिवसही हिशोबात धरा. पैसे जेवणाआधी द्या, कारण दूरच्या पोडावरची माणसं जेवण उरकून लगेच गाडीला लागतात.

ध्वनिमुद्रण केलं असेल तर कुठे टाकणार ते आधी सांगून प्रत्येकाची लेखी संमती घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवा. व्हिडिओखाली सगळ्यांची नावं, गाव आणि वाद्य लिहा. आठवडाभरात पूर्ण ध्वनिमुद्रण प्रत्येक मंडळाच्या मोबाईलवर पाठवा, आणि पेटीवाल्या बुवांकडे साधा फोन असेल तर पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा.